व्याह्यांच्या दोन बंदुका

शशिकांतराव सिंगापुरात आमच्याच कॉन्डोत सातव्या मजल्यावर राहतात. पंचवीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आणि आता हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात बसून दूर समुद्रावरच्या जहाजांची दुखणी फोनवर ऐकतात. लिफ्टमध्ये भेटले की आधी आपला मजला विचारून आपलं बटण दाबतील, मग स्वतःचं. कधी कधी स्वतःचं दाबायचं राहून जातं आणि ते आपल्याबरोबर बाराव्या मजल्यावर येतात. असा हा माणूस एका शनिवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सरोजिनीताई, तुम्ही बंदूक चालवलेली आहे ना?"

सिंगापुरात बंदुकीचे कायदे इतके कडक, की हे वाक्य कुणी दारात उभं राहून बोलत नाही. मी त्यांना आधी आत ओढलं.

तर त्याचं असं झालं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी चैत्राली अमेरिकेत मिसुरीला नोकरी करते. तिथल्याच क्षितिजशी तिचं लग्न ठरलं होतं, ऑक्टोबरमध्ये व्हायचं होतं. क्षितिजचे वडील प्रतापराव मूळचे कोल्हापूरकडचे, चाळीस वर्षं तिकडे डॉक्टरकी केलेले. साखरपुड्याला शशिकांतराव जाऊ शकले नव्हते. एक जहाज नेमकं त्याच आठवड्यात दुरुस्तीला गोदीत चढलं. पुढे प्रतापराव सिंगापूरवरून भारतात चालले होते, तेव्हा हे दुसऱ्या जहाजापायी कोरियात अडकलेले. तेव्हापासून प्रतापराव फोनवर फक्त "बरंय" म्हणत. आणि आता त्यांनी तिसऱ्यांदा हात पुढे केला होता: लग्नाच्या चार दिवस आधी या, आपण दोघं व्याही रानात खारींच्या शिकारीला जाऊ. परवान्याचं मी बघतो. फक्त सांगा, शॉटगन घेणार की रायफल? माझ्याकडे दोन्ही एकेक आहेत.

"चैत्राली म्हणाली, बाबा, ते फार मनाला लावून घेतात, या वेळी नाही म्हणू नका," शशिकांतराव म्हणाले. "मी हो म्हणालो. आता तीन आठवडे झाले, बंदूक कुठली त्याचं उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी त्यांचा फोन आहे."

"मग सांगा ना कुठली तरी एक."

"कुठली तरी कशी? चांगली असेल ती त्यांना राहिली पाहिजे. मुलीचा बाप आहे मी. व्याह्यांच्या घरी जाऊन त्यांची चांगली बंदूक मी उचलायची?"

आत्ता कुठे मला गाठ दिसली. या माणसाला बंदूक निवडायचीच नव्हती. दोन्हींतली कमी प्रतीची कुठली तेवढं शोधून काढायचं होतं, आणि तीच मागायची होती. त्यांनी खिशातून कागद काढला. दोन रकाने, सुबक अक्षर. शॉटगनचे छर्रे पसरतात, पानांच्या दाटीत पळती खारही सापडते, पण लांबवर उपयोग नाही आणि मांसात छर्रे राहतात. रायफलीची गोळी एकच, बारीक, लांब जाते, मांस शाबूत राहतं, पण खार स्थिर हवी आणि नेमही हवा. ऑक्टोबरात झाडांवर पानं अर्धी असतात, अर्धी गळलेली असतात. शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: "ठरत नाही."

"दोन पंपांमधला बरा कुठला, हे मी झोपेत सांगेन," ते म्हणाले. "पण नेटवर एक जण लिहितो शॉटगन ही शिकाऱ्याची, दुसरा लिहितो रायफलवाला तोच खरा. तुम्ही सांगा. रत्नागिरीला तुमचं नाटक पाहिलं होतं मी, कॉलेजात असताना. तिसऱ्या अंकात तुम्ही बंदूक उचलता, अख्खं थिएटर गार."

देवा! ती बंदूक लाकडाची होती हो. आवाज विंगेतला माणूस पत्र्यावर फटाका फोडून काढायचा. एका प्रयोगाला तो चहाला गेला आणि नाटकातला माझा नवरा आवाजाशिवायच मेला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी जावयाला हाक मारली. अनिमेष इथेच वाढलेला, इथल्यांसारखा वाक्याला 'लाह' जोडणारा, दरवर्षी रिझर्व्हिस्टला, म्हणजे लष्कराच्या सक्तीच्या सरावाला, जाऊन येतो.

"अंकल, रायफल मला माहीत आहे," अनिमेष म्हणाला, "पण आमच्यासमोर पुठ्ठ्याचा माणूस असतो. खार वगैरे नाही शिकवत, लाह. शॉटगन तर मी हातातही घेतलेली नाही."

"धरायची कशी, तेवढं तरी दाखव."

खाली बागेत गेलो. अनिमेषने माझी लांब छत्री त्यांच्या खांद्याला टेकवली, कोपर कुठे ठेवायचं ते सांगितलं. समोरच्या झाडावर एक खार बसून काहीतरी कुरतडत होती. इथल्या खारी तांबूस पोटाच्या, निर्धास्त. शशिकांतरावांनी डोळा मिटला, छत्री रोखली, आणि तशीच धरून राहिले. फार वेळ. खार यांच्याकडे बघत होती, हे खारीकडे. तेवढ्यात सिक्युरिटीवाला धावत आला. "अंकल, व्हॉट आर यू डूइंग? कॅनॉट लाह, डोन्ट डिस्टर्ब द ॲनिमल." शशिकांतरावांनी त्याची तीनदा माफी मागितली. चौथ्यांदा खारीकडे बघून "सॉरी" म्हणाले.

वर आलो तर त्यांची बायको, सुमित्रा, त्यांना शोधत आमच्या घरी येऊन बसलेली.

"अहो, खार मारणार तुम्ही? झुरळ दिसलं की मला हाक मारता."

"तिकडच्या खारींच्या पाठीवर पट्टे नसतात," शशिकांतराव पुटपुटले.

"म्हणजे बिनपट्ट्याच्या मारलेल्या चालतात का?"

शशिकांतरावांनी पुन्हा कागद काढला. कागदावर त्यांनी तिसरा रकाना आखला आणि तो रिकामा ठेवला.

रविवारी सकाळी नऊला फोन आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. सुमित्राने मलाही बोलावून घेतलं होतं, धीराला म्हणून. स्क्रीनवर प्रतापराव दिसले. भरदार मिशा, मागे भिंतीवर दोन बंदुका टांगलेल्या. रंगमंचावर अशी एंट्री मिळायला नशीब लागतं.

"बोला शशिकांतराव. काय ठरलं?"

"तुम्ही घ्याल ती सोडून दुसरी," शशिकांतराव म्हणाले.

"छ्या! आधी पाव्हण्यानं घ्यायची. उरंल ती माझी."

"नाही नाही, मान तुमचा."

"मान कसला? तुम्ही आमच्या घरी येताय. तुम्ही बोला."

"तुम्हाला कुठली आवडते, तेवढं सांगा."

"ते सांगितलं तर तुम्ही दुसरी मागाल. ओळखतो मी."

हे सतरा मिनिटं चाललं. खोटं नाही, भिंतीवर घड्याळ होतं. दोघांच्याही आवाजाला धार यायला लागली होती. सुमित्राने माझा हात दाबला. शेवटी प्रतापराव चिडूनच म्हणाले, "अहो, त्यावर सगळं ठरतं म्हणून विचारतोय! शॉटगन घेतली तर दिवसभर रान तुडवायचं. रायफल घेतली तर एका झाडाखाली दोन-दोन तास गप बसायचं. आणि माझे..." ते थांबले.

"तुमचे काय?"

"गुडघे गेलेत माझे. दोन वर्षं झाली, एकटा रानात गेलेलो नाही. पण तुम्ही चालायचं म्हणाला असता तर चाललो असतो मी."

शशिकांतरावांनी कागदाकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. मग ते जे बोलले ते मी त्यांना शिकवलेलं नव्हतं, कुणीच नव्हतं.

"प्रतापराव, रायफल तुम्ही घ्या. मी शेजारी बसतो. मला बंदूक नको. मी आयुष्यात काही मारलेलं नाही आणि मला वाटतं मला जमणारही नाही. पण दोन तास काय, चार तास बसेन मी तुमच्याबरोबर."

तिकडे मिशी हलली नाही. आम्हाला वाटलं, नेट गेलं.

"मग तीन आठवडे माझा जीव का खाल्लात?"

"तुम्ही नाराज व्हाल म्हणून."

"बरंय," प्रतापराव म्हणाले. फोन बंद झाला.

हे "बरंय" रागाचं की समजुतीचं, यावर आम्ही तिघांनी दोन वेळा चहा केला. सुमित्राच्या मते लग्नात आता जेवणावरून खुसपट निघणार. माझ्या मते आवाज शेवटी उतरला होता, म्हणजे माणूस निवळला. चैत्रालीचं तोंड कसं झालं असेल, एवढंच शशिकांतराव एकदा म्हणाले.

सोमवारी ते ऑफिसला जायला निघालेले, मुद्दाम बाराव्या मजल्यावर येऊन मला लिफ्टशी भेटले. मोबाईल माझ्यासमोर धरला. चैत्रालीचा मेसेज होता: "बाबा, काका विचारतायत तुमच्या बुटाचा नंबर काय. आणि चहात साखर किती. थर्मास दोन घेणार आहेत म्हणे."

"झालं की मग!" मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. चेहरा उजळलेला, पण कपाळावर आठी तशीच. "पण ताई, बूट कशाला? बसायचंच आहे ना? की ते माझ्यासाठी चालायचं म्हणतायत?"

लिफ्टचं दार उघडलं. त्यांनी आधी मला आत जाऊ दिलं.