कोरड्या डोक्याची साक्ष

"तू तेल लावू नको," बाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत डोकं कोरडंच ठेव."

बुधवार होता. पेणच्या त्या बोर्डिंगात आम्ही तीस मुली. बुधवारी आणि शनिवारी खोबरेल तेलाची किटली फिरायची. माझ्या तळहातावर तेल पडायच्या आत बाईंनी ती पुढच्या मुलीकडे सरकवली. बाई म्हणजे पाळकसाहेबांची बायको. चर्च त्यांच्या नवऱ्याच्या हातात, बोर्डिंग त्यांच्या. मी तेरा वर्षांची. मला वाटलं, उवा सापडल्या.

"उवा नाहीत गं. तुला साक्ष द्यायची आहे ना? वाडीवरून आल्यासारखी दिसायला हवीस."

रोह्याजवळच्या आमच्या वाडीवरून मी दोन वर्षांपूर्वी आले होते. तेव्हा माझ्या डोक्याला तेल होतं. आईनं थापलेलं, कपाळावर ओघळणारं. पण ते डोकं त्यांच्या कामाचं नव्हतं.

साक्ष म्हणजे काय, ते सांगते. भात घरात आलं की चर्चात उपकारस्तुतीचा रविवार व्हायचा. पाहुणे यायचे. एका मुलीनं फाटक्या कपड्यांत पुढं उभं राहून सांगायचं, आधी मी कशी घाणीत होते आणि देवानं मला कसं धुतलं. मग मुख्य पाहुण्यांची बायको तिला नवा पांढरा फ्रॉक द्यायची. फोटो निघायचा. धुण्याचं काम देवाचं, फोटोचं काम बाजारातल्या फोटोग्राफरचं. बाईंनी जुन्या कपड्यांच्या ट्रंकेतून माझ्यासाठी एक चिंधी काढली. ती माझी नव्हती. माझे कपडे पुरेसे फाटलेले नव्हते.

पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. साक्ष त्यांनी लिहूनच ठेवली होती. अक्षर सुंदर. "पाठ कर, बाळ."

मी वाचलं. आम्ही कातकरी अंधारात होतो. शेतातले उंदीर भाजून खात होतो. उंदीर खरे होते. अंधार कुठं होता ते कळेना, कारण भाजताना जाळ असायचा. पुढच्या ओळी मी दोनदा वाचल्या: माझा बाप दारुडा होता. दारू पिऊन तो कंपनीच्या टाकीत पडला आणि आपल्या पापात मेला.

माझा बाप शिमग्याला प्यायचा. लग्नात प्यायचा. प्यायला की गाणी म्हणायचा आणि झोपायचा. पण त्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला गेला. कोरा चहा मी केला होता. चुलीपाशी आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. तोंडाला वास असता तर तो पहिला मला आला असता.

ठेकेदारानं त्याला टाकीतला गाळ काढायला उतरवलं. रोह्याच्या कंपन्या तेव्हा नव्या होत्या. टाकीत माणूस सोडायला दोर लागतो एवढंच वाडीला माहीत होतं. आणखी काही लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. बापाच्या आधी दुसरा एक जण उतरला होता. तो झोकांड्या खात वर आला. "आत वायू हाय, जीव गुदमरतोय," म्हणाला. म्हणून मग बापाला उतरवलं.

"साहेब, बाप प्यायला नव्हता."

"कंपनीच्या कागदावर तसंच आहे. खाली तुझ्या आईचा अंगठा आहे. तुला इथं कंपनीच्या साहेबांनीच घातलं. तेव्हा त्याची नक्कल आली."

"पण ते खोटं आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "साक्षीत तपशील महत्त्वाचा नसतो, भाव महत्त्वाचा. रविवारी तेच साहेब मुख्य पाहुणे आहेत. त्यांना वाईट वाटेल असं बोलायचं नाही." मग त्यांनी माझ्या कोरड्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद झाल्यावर तो हात रुमालाला पुसला.

एक कबूल करते. पाळकसाहेब जे शिकवायचे ते मला आवडायचं. देवानं माणूस आपल्यासारखा घडवला. कुठलाही माणूस. आणि पाप सगळ्यांनी केलं, एकही सुटला नाही. वाडीवरच्या पोरीला यात केवढं सुख होतं! गावात आम्हाला विहिरीपासून चार हात लांब उभं करायचे. इथं खोत, पाळक, मामलेदार, सगळे एका रांगेत पापी, आणि त्याच रांगेत मी. एवढी समानता मी आधी कुठं पाहिली नव्हती. मी ती खरी धरून चालले. दोन वर्षांत बाकावर बसणारा एकही माणूस साक्ष द्यायला उभा राहिला नाही. बाकावरच्यांची पापं खासगी होती. जाहीर पाप करायला वाडीवरचं माणूस लागायचं.

शनिवारी आई भेटायला आली. बाप गेल्यावर ती पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात पॉलिशपेपरनं मूर्ती घासायला जायची, आठवडाभर तिथंच राहायची. कोपरापर्यंत पांढरी भुकटी घेऊन ती थेट तिथूनच एसटीनं आली होती.

"तेल का नाय गो डोक्याला?"

मी कारण सांगितलं. मग विचारलं, "कागदावर अंगठा दिलास?"

"दिला. त्यो मेला त्याचा कागूद हाय, म्हनले."

"वाचून दाखवला?"

"नाय गो. आपल्याला कोन वाचून दावतो?"

मी सांगितलं त्यात काय होतं. आई अंगठ्याकडे बघत राहिली. पदरानं पुसला. पुन्हा पुसला.

"म्हंजी मीच त्याला दारुडा केला?"

"मी उद्या खरं बोलले तर मला इथून काढतील. शाळा जाईल."

आईनं कोपरावरची भुकटी झटकली. "मी गनपतीचं कान घासत्ये," ती म्हणाली. "तुजा पाळक म्हनतो, त्ये पाप हाय. आसंल. पन आजपातुर मी एकाबी मूर्तीचं तोंड वाकडं केलं नाय."

जाताना ती थुंकली. बोर्डिंगच्या अंगणात, पाहुण्यांसाठी सारवलेल्या जागेवर.

रविवारी साहेब आले. पहिल्या बाकाखाली गालिचा होता. उपदेश नम्रतेवर होता. त्याआधी साहेबांना झेंडूचा हार घालण्यात आला. मग सगळ्यांनी मिळून पापकबुली म्हटली. साहेब शब्द न चुकता म्हणत होते आणि मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होते. दोन्ही कामं एकदम संपली. आई दाराशी उभी होती. बाक भरले होते, असं तिला सांगितलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी चिंधी नेसून पुढं गेले. कागद हातात होता. मी तो उलटा धरला.

"आम्ही कातकरी. आम्ही उंदीर खातो. माझा बाप कंपनीच्या टाकीत मेला. त्या दिवशी तो दारू प्यायला नव्हता. चहा प्यायला होता, मी केला होता. आत वायू आहे हे आधीच्या माणसानं वर येऊन सांगितलं होतं. तरी त्याला उतरवला. आईचा अंगठा घेतला तेव्हा कागद वाचून दाखवला नाही. पाप झालंय. पण ते माझ्या बापाचं..."

पाळकसाहेबांनी खूण केली आणि हार्मोनियम सुरू झाला. सगळे उठून गाऊ लागले. गीत आनंदाचं होतं. बाई सगळ्यांत मोठ्यानं गात होत्या. माझं शेवटचं "नाही" माझं मलाच ऐकू आलं नाही.

गीत संपलं. साहेबांच्या बायकोनं पांढरा फ्रॉक पुढं केला. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं ना.

"घे, बाळ," पाळकसाहेब म्हणाले. "घे गं," बाई दात आवळून.

मी हात मागं बांधले आणि दाराकडे चालू लागले. मागं फ्लॅश उडाला. त्या फोटोत एक फ्रॉक आहे आणि तो धरलेले दोन हात.

व्हरांड्यात पाळकसाहेबांनी मला गाठलं. "क्षमा करायला शीक. आपल्या धर्मात याहून मोठं काही नाही."

"साहेबांनी मागितली?"

"क्षमा मागितल्यावाचून द्यायची असते."

"मग आम्हाला पापकबुली कशाला म्हणायला लावता?"

ते आत गेले. दुपारच्या जेवणाआधी माझी ट्रंक पायरीवर होती. आईनं ती डोक्यावर घेतली आणि आम्ही पेण स्टँडवर रोह्याची एसटी धरली.

शाळा गेली. पाच वर्षं मी आईशेजारी बसून मूर्ती घासल्या. मूर्ती गुंडाळायला रद्दी यायची, ती आधी वाचायची आणि मग गुंडाळायची. पुढं बाहेरून परीक्षा दिल्या. आज मी नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहते आणि पूल ओलांडून रोह्यात शिकवायला जाते. वाडीवर कुणापुढं कागद आला तर तो आधी माझ्याकडे येतो. मी मोठ्यानं वाचते. मग अंगठा. आई जाईपर्यंत तिनं मात्र पुन्हा कुठल्याच कागदाला अंगठा लावला नाही.

पाप आहे, हे मी आजही मानते. त्या चर्चपेक्षा जास्तच मानते. म्हणूनच ते ज्याचं त्याच्या नावावर असावं, असा माझा हट्ट आहे.

गेल्या आठवड्यात बोर्डिंगचं पत्र आलं. पाळक नवे, कागद गुळगुळीत. वर्धापनदिनाला माजी विद्यार्थिनी म्हणून यावं, देवानं माझ्या आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यावी. सोबत मुद्दे जोडले होते. पहिला मुद्दा: कंपनीचे उपकार.

मुद्दे मी चुलीत घातले. येते म्हणून कळवलं आहे.

डोक्याला तेल चोपडून जाणार आहे. कपाळावर ओघळेल इतकं. बापाचं नाव घेईन, ठेकेदाराचं घेईन, साहेबांचं घेईन, आणि त्या दिवशी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करीन. पण व्यासपीठावर नंतर. आधी हार्मोनियमपाशी जाऊन त्याचं झाकण लावीन आणि वर वाडीच्या दोन बायका बसवीन.