पाठीला चेन असलेली पाल

रीळ तुटलं की दोन्ही टोकं खरवडून, फिल्मचं सिमेंट लावून जोडावी लागतात. जोडताना बोटभर फिल्म वाया जाते. ते तुकडे माझ्याच्याने कधी फेकवले नाहीत. बिस्किटाच्या डब्यात टाकत गेलो आणि डबा कधी भरला ते कळलंही नाही. थिएटरातल्या गोष्टींचंही तसंच. नाशिकच्या जुन्या गावात एका लहान थिएटरात मी तीस वर्षं मशीन चालवलं. अजून जुना सोबती भेटला की म्हणतो, "दामू, ती पाल आठवते का?" आणि मग चहा गार होतो.

पाल म्हणजे पिक्चरमधली. नव्वद सालानंतर घरोघरी केबल आली आणि आमची दुपारची मॅटिनी ओस पडली. शेठने, म्हणजे मालकाने, कुठून तरी एक जुना इंग्रजी पिक्चर आणला. पांढरा कोट घातलेल्या माणसाच्या बाटलीतलं औषध सांडतं, पाल ते चाटते, ताडाएवढी होते आणि शहर मोडत सुटते. पाल रबराची, आत माणूस. शहर पुठ्ठ्याचं. विमानाची दोरी पार मागच्या खुर्चीवरूनही दिसायची. शेठ म्हणाला, एक आठवडा चालवू. तो पिक्चर शुक्रवारच्या मॅटिनीला, अधूनमधून खंड पडत, दहा-बारा वर्षं चालला. त्यात आमच्या सखाभाऊला माइक मिळाला आणि तो माइक जायची वेळही आली. तेच सांगतो.

* * *

सखाभाऊ आमचा डोअरकीपर. मजूर अड्ड्यावर ज्यांना काम मिळालं नाही अशी पेठ तालुक्याकडची माणसं बारा वाजता येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसायची. पहिल्याच शुक्रवारी त्यातल्या एकाने दारातल्या सखाभाऊला विचारलं, "तो पांढऱ्या कोटवाला काय बोलून राह्यला?"

सखाभाऊला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण विचारलेल्या माणसाला उत्तर न देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो म्हणाला, "म्हणतोय, औषध संपलं, उद्या या."

सगळं थिएटर हसलं. पुढच्या शुक्रवारी शेठने त्याच्या हातात माइक दिला. मग पिक्चरमधला फौजेचा साहेब कलेक्टर झाला, हिरोइन मास्तरीणबाई झाली, समुद्राची गंगा, म्हणजे आपली गोदावरी, झाली आणि पाल पंचवटीकडून पूल ओलांडून रविवार कारंजावर यायला लागली. जवळपासचे लोक इंटर्वलला विचारायचे, आमच्या गल्लीत कधी येते?

"तुमच्या गल्लीत नाही शिरत," सखाभाऊ माइकवरून सांगायचा. "तिला गटाराचा वास सहन होत नाही."

* * *

तिसऱ्या रिळात पाल पाठ फिरवते. तेव्हा तिच्या पाठीची चेन दिसायची, आपल्या पँटला असते तशी, मानेपासून शेपटीपर्यंत. ती दिसली की शिट्ट्या पडायच्या. "चेन लाव, चेन लाव!"

शेठला त्याची लाज वाटायची. त्याने मला तेवढा तुकडा कापायला लावला. मी कापला. त्या शुक्रवारी लोकांनी रीळ पुढे जाऊ दिलं नाही. मालेगावचे एक विणकर चाचा शुक्रवारी त्यांचे माग बंद असायचे म्हणून, खास या पिक्चरसाठी एसटीने यायचे. ते उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सेठजी, सिलाई देखने आते हैं. उसीको काट दिया?"

मी घाईघाईने तुकडा परत जोडला. घाईत उलटा जोडला. पाल डोकं खाली, पाय वर करून मागे मागे चालत गेली आणि तिच्या तोंडून बोक्यासारखा आवाज आला. आता शेठ माझी हजेरी घेणार असं वाटलं. पण थिएटरात लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. शेठ जिना चढून केबिनमध्ये आला, धाप लागली होती.

"दामू," तो म्हणाला, "राहू दे असंच."

* * *

मग काही वर्षांनी एका दुपारी सखाभाऊने दाराशेजारच्या खांबाला नमस्कार केला आणि "या, बसून घ्या" म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. जवळ गेलो तर त्याने मलाही तिकीट मागितलं.

काचबिंदू होता. सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आहे तेवढी टिकवा. तीही टिकत नव्हती. तो माझा हात धरून म्हणाला, "शेठला बोलू नको दामू. डोळ्यांचं काय, बघण्यासारखं बघून झालंय. माइक जायला नको."

मी बोललो नाही. पुढे शेठने तिकिटं बघायला दारात दुसरा माणूस ठेवला, त्यामुळे सखाभाऊकडे फक्त माइक राहिला होता. पिक्चर त्याला पाठ होता. तरी रीळ कुठवर आलं हे कळावं म्हणून आम्ही एक खूण ठरवली. पाल पडद्यावर आली की मी केबिनच्या झरोक्यातून एकदा खोकायचं.

छान चाललं होतं. मग पौष महिन्यात मला खरंच सर्दी झाली.

त्या दुपारी पाल कलेक्टरच्या ऑफिसात आली, दवाखान्यात आली, मास्तरीणबाई हिरोला प्रेमाचं सांगत होत्या तिथे तर चार वेळा आली. शेवटी सखाभाऊ माइकवर म्हणाला, "मंडळी, आज पालीला काही कामधंदा दिसत नाही."

* * *

लासलगावची एक आजी होती. लेक दवाखान्यात ॲडमिट होती, भेटायची वेळ चारची, तोवर सावलीत बसायला म्हणून आली होती. शेवटी पाल मरते आणि सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा ती रडत होती.

सखाभाऊला रडण्याचा आवाज ऐकू आला. तो माइक खाली ठेवून तिच्यापाशी गेला. आजी म्हणाली, "एवढं मोठं आंग. खायला कुठून पुरणार बिचारीला? म्हणून आली ती गावात."

पुढच्या शुक्रवारपासून सखाभाऊची पाल उपाशी झाली. टाळ्या बंद झाल्या. माणसं नाकं शिंकरत बाहेर पडायला लागली. शेठने तीन आठवडे सहन केलं आणि मग म्हणाला, "सखा, तिला पोटभर जेवू घाल बाबा. लोक घरून हसायला येतात." त्या आठवड्यात पालीने पहिल्याच रिळात कांद्याचे दोन ट्रक खाल्ले.

मला कुणी विचारतं, तोच तो रबराचा पिक्चर लोक पुन्हा पुन्हा का बघायचे. मला एवढंच वाटतं, भीती खोटी आहे हे ठाऊक असलं की माणूस मोकळेपणाने घाबरतो. बाहेर तेवढी सोय नसते.

* * *

आता शेवटचं. सखाभाऊला दिसत नाही, हे कुणीतरी शेठच्या कानावर घातलं. त्या शुक्रवारी शेठ, कधी नव्हे ते, आत येऊन मधल्या रांगेत बसला. मी त्याला झरोक्यातून पाहिलं. सखाभाऊला सांगायला वेळ नव्हता.

पाच रिळं नीट गेली. सखाभाऊ जरा जास्तच रंगात होता. सहाव्या रिळात पाल शहरात घुसते. माझं लक्ष शेठकडे, मी सहावं समजून सातवं चढवलं. सातव्यात पाल केव्हाच मेलेली असते. नुसता समुद्र, आणि किनाऱ्यावर हिरो आणि मास्तरीणबाई हसत उभे. तो बोलत असताना मी फिल्मचा आवाज अगदी बारीक ठेवायचो, त्यामुळे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. आणि खोकून चूक सांगायची खूण आम्ही ठरवलीच नव्हती.

पडद्यावर मास्तरीणबाईंनी हिरोच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

सखाभाऊ माइकवर म्हणाला, "आली! रविवार कारंजावर आली पाल. पाय वर घ्या मंडळी, शेपटी खालून फिरतेय."

पडदा समुद्राने पांढरा झाला होता, खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या पेठच्या माणसांनी पाय वर घेतले. मग त्यामागच्या रांगेने घेतले. मालेगावच्या चाचांनी पिशवीसुद्धा उचलून मांडीवर घेतली. खुर्च्या करकरत होत्या.

शेठने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग त्याने वाकून वहाणा काढल्या आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.