बंद म्हंजे बंद

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी ड्राफ्ट्समन माणूस, पट्टीनं मोजता येईल तेवढंच खरं मानणारा. तरी लिहितोय... कारण हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आणीबाणी उठल्यानंतरचा गळीत हंगाम. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात नवं कंट्रोल पॅनेल बसलं होतं. दिव्यांखालच्या इंग्रजी पट्ट्या मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. ‘ओपन’चं मी ‘उघडा’ केलं, ‘क्लोज’चं ‘बंद’. शब्दाला शब्द. पण सर्किट क्लोज म्हणजे जोडलेलं – वीज चालू. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

ती आली दत्तू वायरमनच्या. काही समजलं नाही की त्याभोवती खडूनं गोल काढायची त्याची सवय. ‘बंद’भोवती गोल काढून त्यानं विचारलं, "सायेब, ह्यो दिवा लागला की लाईन बंद हाय का चालू हाय?"

चार लोकांत विचारलं, ते मला झोंबलं. "बंद म्हणजे बंद. मराठी कळत नाही का?" म्हणालो आणि रुमालानं गोल पुसला.

आठवड्याभरात, भर दुपारी, ‘बंद’चा दिवा बघून दत्तूनं मोटारीच्या वायरला हात घातला. जागेवर गेला.

चौकशीआधी मी ती पट्टी काढून ‘चालू’ची लावली. अहवालात आलं – वायरमनचा हलगर्जीपणा. मी गप्प बसलो. भ्याडपणाच तो.

मग सुधारलेल्या ड्रॉइंगचं ट्रेसिंग नक्कल काढायला अमोनिया प्रिंटच्या मशीनला टाकलं. ट्रेसिंगवर कसलीच खूण नव्हती, पण प्रिंटवर ‘चालू’भोवती गोल. हातानं काढलेला, जाडसर. मशीनची काच पुसली, नवीन ट्रेसिंग केलं, कागद बदलला. तीन दिवस तोच गोल.

चौथ्या दिवशी कुरुंदवाडला दत्तूच्या घरी गेलो. सगळं सांगायचंच ठरवून. त्याची बायको चहा ठेवून म्हणाली, "ह्येनी घरात बोललंतं, सायबास्नी इचारलंय, आता काळजी न्हाय. आन् कागदावर ह्येंचीच चूक लिवलीया. तुमी सांगशिला न्हवं सायेब, ह्येनी इचारलंतं म्हणून?"

"सांगतो वहिनी," एवढंच तोंडातून निघालं. चहा प्यायलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी प्रिंट साफ आला. गोल नव्हता. तो कुठून आला आणि कसा गेला, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. माझ्या शब्दावर दत्तूनं पुन्हा विश्वास ठेवला, एवढंच वाटतं.

आणि मी कारखान्यात कुणालाच काही सांगितलं नाही.