मामाजींचे रोडगे आणि जपानची चूल

सांगतो, पुन्हा एकदा सांगतो. आधी तो कप इकडे द्या. आमच्या अंगणातलं ते प्रकरण काय आहे, हे लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. पण तुम्ही विचारलंतच, तर ऐका. आणि हसायचं असेल तर एकदाच हसून घ्या, मधे मधे नको.

मी तेव्हा तार ऑफिसात होतो. पाळीची नोकरी. आज दिवसाची, उद्या रात्रीची, परवाची साहेबांच्या मनात येईल तशी. नागपुरात सदरच्या मागे आमचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि पुढे बरंसं अंगण. घरात मी, आई, बायको शालू आणि नुकतीच झालेली छकुली. छकुली रात्री जागायची आणि मी दिवसा. म्हणजे झोप नावाची वस्तू आमच्या घरात कोणाच्याच वाट्याला येत नव्हती.

आता आमचे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. काटोलचे, शिस्तीचे, रोज महादेवाला पाणी घातल्याशिवाय चहाही न घेणारे. माझ्याबद्दल त्यांचं मत एकच, जावई नास्तिक आहे. का? तर लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मी कथा ऐकता ऐकता झोपलो, आणि नुसता झोपलो नाही, घोरलो. अहो, मी नास्तिक नव्हतो हो, रात्रपाळी करून आलो होतो! पण हे सासऱ्याला कोण सांगणार?

त्यात त्यांच्याकडची रीत अशी, की लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही. अन्न सोडा, पाणीसुद्धा नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. मामाजी यायचे, ओट्यावर बसायचे, आपल्याच फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. शालू दारात उभी राहून बघायची. बाप उपाशी परत जातो आणि आपण घरात भाजी-भाकरी करून खातो, हे तिला फार लागायचं. बोलायची नाही, पण त्या रात्री जेवायचीही नाही.

छकुली झाली आणि रीत फिटली. मामाजींचा निरोप आला, "रविवारी येतो. लेकीच्या हातचे रोडगे खाईन."

शालूच्या अंगात वारं संचारलं. वांगी आली, नवं तूप आलं, गोवऱ्या आल्या. रोडगे म्हणजे आमच्याकडचा राजा पदार्थ. घट्ट कणकेचे पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि तुपात बुडवून खायचे. तिनं आयुष्यात शंभरदा केले असतील. तिला करू दिले असते तर हा किस्सा झालाच नसता. पण मग मी कशाला होतो?

झालं होतं असं, की आठवड्याभरापूर्वी शालूचा भाऊ विनायक येऊन गेला होता. तो जहाजावर नोकरीला. लोकांचे साळे जपानहून ट्रान्झिस्टर आणतात, घड्याळ आणतात. आमच्या साळ्यानं चूल आणली! कामाडो म्हणतात तिला. पक्क्या भाजलेल्या मातीची, हिरव्या चकचकीत रंगाची, रांजणाएवढी अंड्यासारखी चूल. वर बिजागरीचं जड झाकण. स्टेशनवरून घरी आणताना हमालानं आम्हाला ज्या शिव्या घातल्या, त्या मी इथे सांगत नाही.

"जिजाजी, नीट ऐका बरं," विनायक म्हणाला, "आत कोळसे टाकाचे, वर जाळी, न् झाकण लावून शिजवाचं. खाली हवेचं दार आहे, वर हवेचं भोक. आच कमी-जास्त करनं त्याच्यावर..."

पुढचं मी ऐकलं नाही. रात्रपाळी करून आलो होतो, बसल्या बसल्या डोळा लागला. मधे मधे "हो, हो" म्हणत होतो म्हणे. त्याला वाटलं, जिजाजींना सगळं समजलं. तो त्याच संध्याकाळी मुंबईला गेला.

शनिवारी मी चूल खोक्यातून काढली आणि पाहतो तर काय, सगळ्या अंगावर बारीक बारीक भेगा! कोळ्याच्या जाळ्यासारख्या, वरपासून खालपर्यंत. ती त्या लोकांची नक्षी असते, वरच्या चकचकीत लेपाला मुद्दाम तसं जाळं आणतात, हे मला पुढे विनायकानं सांगितलं. तेव्हा मला वाटलं, गेली! हमालानं आपटली!

आता तुम्ही सांगा, चुलीला भेगा पडल्या तर आपण काय करतो? शेण-माती कालवतो आणि लिंपतो. मीही तेच केलं. चांगला जाड थर दिला. चुलीखालची तिवई मोडल्यासारखी वाटली, म्हणून खाली विटांचा गोल ओटा केला. राख काढायला पुढच्या बाजूनं एक लांबट नाळ ठेवली. जपानची हिरवी चूल पार दिसेनाशी झाली. पण मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! हातानं काही काम केल्याचं समाधान मला तार ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

"याच्यात करायचे रोडगे?" शालू म्हणाली. "नको न, उगाच. मी आपली खाली आर करते."

"अगं, मामाजींच्या लेकाची चूल आणि लेकीचे रोडगे! त्यांना किती बरं वाटेल? त्यांना सांगायचं नाही हं, जेवताना सांगू."

ती कबूल झाली. तिला हे पटलं याचं वाईट मला आजही वाटतं.

रविवारी सकाळी मी कोळसे काही टाकले नाहीत. रोडग्याला कोळसा? छे! गोवऱ्याच हव्यात. मावतील तितक्या ठासून भरल्या. आर झाला, जाळीवर रोडगे मांडले, झाकण लावलं. फटीतून धूर यायला लागला, तर तीही फट ओल्या शेण-मातीनं बुजवून टाकली, दमाच्या भांड्याला कणीक लावतात तशी. फक्त वरचं भोक ठेवलं. त्यातून धुराची एक बारीक रेघ निघू लागली.

तेवढ्यात आई हळदकुंकवाचं तबक घेऊन बाहेर आली.

"नवी चूल अशीच पेटवत असतेत का रे बाबू? पूजा नको?"

तिनं लिंपणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर पांढऱ्या कण्हेरीची फुलं वाहिली, हात जोडले आणि छकुलीला घेऊन आत गेली. शालू आत भाजीला फोडणी देत होती. मी घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, जरा डोळे मिटावे.

डोळे उघडले तेव्हा मामाजी अंगणात उभे होते. चपला काढलेल्या, टोपी हातात, डोळे मिटलेले आणि ओठ पुटपुटत होते. समोर ती चूल. आता मी झोपेतून नीट जागा होऊन तिच्याकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदा दिसलं की मी काय बांधून ठेवलंय! गोल ओटा, पुढे नाळ, वर गुळगुळीत गोल उंचवटा, हळदकुंकू, पांढरी फुलं आणि धुपासारखा धूर. सांगा बरं, तुम्हीसुद्धा हात जोडले असते की नाही?

"जवाईबापू," मामाजींनी डोळे उघडून विचारलं, "हे केव्हा बसवलं तुम्ही?"

आता माझं चुकलं कुठे म्हणाल, तर इथे. "मामाजी, ती चूल आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण झोपेतून उठलेला माणूस, समोर सासरा, सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं,

"आत्ताच, मामाजी. आज सकाळीच."

"मले माफ करा बापू! मी तं चार वर्सं म्हणून राहिलो का जवाई देवाले मानत नाही. न् तुम्ही त दारात महादेव बसवला!" आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सासऱ्यानं माझे हात धरले! मी काय करणार? मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटतो.

"आधी जप करतो," ते म्हणाले, "मंग जेवू." आणि चुलीसमोर मांडी घालून बसले.

आत रोडगे भाजत होते. म्हणजे आतापर्यंत भाजून झाले असणार. मला करपल्याचा वास यायला लागला.

"बापू, धूप कायचा हाय? वास येगळाच हाय."

"घरगुती आहे, मामाजी."

माझं नशीब बघा, शेजारच्या बोंद्रेकाकू नेमक्या तेव्हाच कुंपणावरून डोकावल्या.

"अव माय! महादेव बसवला का हो भाऊ? सांगाचं तं होतं!" आणि त्या पाण्याचा तांब्या घेऊन तरातरा आल्यासुद्धा.

"काकू, पाणी नको!" मी ओरडलो.

"काहून?" मामाजींनी डोळे उघडले. "महादेवाले पानी नको?"

मी तांब्या धरायला धावलो, पण उशीर झाला होता. काकूंनी तांब्या वरून रिकामा केला.

छस्स्स! वाफेचा एवढा मोठा लोट उठला की काकू दिसेनाशा झाल्या. आत कुठेतरी टक्क असा आवाज आला. पहिल्या सगळ्या भेगा खोट्या होत्या, ही मात्र खरी पडली.

"जागृत हाय!" मामाजी उभे राहिले. "बापू, देव जागृत हाय तुमचा! काकू, लोकाइले बोलवा!"

आणि नेमकी शालू परात घेऊन दारात आली. तिला बाहेरचं काही माहीतच नव्हतं.

"अहो, झोपले का परत? रोडगे काढा न! बाबा उपाशी आहेत कवाचे."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग देवाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कुठून काढाचे रोडगे?" त्यांनी हळूच विचारलं.

"यातूनच न, बाबा. विनायकानं आणली न ही चूल, जपानहून. तुम्हाले सांगितलं नाही का यांनी?"

बोंद्रेकाकू रिकामा तांब्या पदराखाली घेऊन चालत्या झाल्या. मला काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी पुढे झालो, फटीवरचं लिंपण फोडलं आणि झाकण एका झटक्यात उघडलं. विनायकानं तेवढंच नेमकं करू नका म्हणून बजावलं होतं म्हणे, मी झोपलो होतो तेव्हा. आतल्या कोंडलेल्या आराला एकदम हवा लागली आणि भक्कन जाळ माझ्या तोंडावर आला. माझ्या मिश्या गेल्या, भुवया गेल्या. रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक.

शालू परात घेऊन तशीच उभी होती. रडली नाही, रागावली नाही. "आजही उपाशीच जाते माझा बाप," एवढंच म्हणाली. खरं सांगतो, भाजलेल्या तोंडाचं मला काही वाटलं नाही, पण ते एक वाक्य फार लागलं.

मामाजींनी वाकून एक काळा गोळा बोटानं दाबून पाहिला. मला वाटलं, आता तांब्या उचलणार आणि बसस्टँडवर जाणार. पण ते वळले.

"पोरी, भात टाक. वरन हाय न? वांग्याची भाजी हाय न? मी जेवूनच जाईन."

शालू धावत आत गेली. मामाजी जेवले. पोटभर जेवले, दोनदा भाजी मागून घेतली, लेकीच्या हातचं पाणी प्यायले. शालू वाढता वाढता रडत होती आणि हसत होती. मी समोर बसलो होतो, तोंडाला खोबरेल तेल लावून.

हात धुतल्यावर मामाजींनी मला बाहेर नेलं आणि त्या ओट्यासमोर उभं केलं.

"जवाईबापू, चूल हाय हे मले समजलं. पन तुम्ही तोंडानं म्हनलं का देव बसवला, न् मी हात जोडले. माहा नमस्कार वाया जात नाही. आता हे हलवाचं नाही. रोज सकाळी आंघोळ करून पानी घालाचं, तुम्ही सोता. ज्या दिशी चुकसान, त्या दिशीपासून मी या घरचं पानी पेनार नाही."

दारात शालू उभी होती. माझ्याकडे पाहत होती. चार वर्षं जिचा बाप उपाशी परत गेला, ती बाई तशी पाहत असेल तर नवऱ्यानं काय म्हणायचं असतं?

"बरं, मामाजी," मी म्हणालो.

तेव्हापासून हे चाललंय. रात्रपाळी करून यायचं, अंथरूण समोर दिसत असतं, पण आधी विहिरीवर जायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची, फुलं तोडायची, पाणी घालायचं. नागपूरच्या थंडीत सकाळी ओल्या पंच्यानं अंगणात उभं राहून बघा एकदा. सोमवारी तर बायकांची रांग लागते, त्यांना तांब्या भरून द्यायचं कामही माझ्याकडेच. सुट्टीच्या दिवशी जरा लोळावं म्हटलं, तर पहाटेच कुंपणावरून हाक येते, "भाऊ, पूजा झाली का?"

परवा बोंद्रेकाकूंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही त रोज सेवा करता. नवस बोलला तं पावते का हो हा महादेव?"

मी म्हटलं, "काकू, मी रोज एकच मागतो, एक रविवार तरी मला झोपू दे. अजून तरी पावलेला नाही."