मिसबाईंचा डबा आणि माझी नानी

"मिसबाई, तुमाला वळण न्हाई."

माझ्या नानीने एका गोऱ्या बाईला हे तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा नानी विशीची पण नव्हती.

आज नानीची पुण्यतिथी. दरवर्षी हा किस्सा मी घरी सांगते, यंदा तुम्हाला सांगते.

गोष्ट स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. कार्ल्याच्या डोंगराखालचं गाव, आमच्या नानांचं किराणा दुकान, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने आलेल्या मिसबाई.

मिशनच्या बाई. विलायतेहून बोटीने आलेल्या. पुण्यात पुस्तकी मराठी शिकल्या आणि इथे दवाखाना उघडायला एकट्या येऊन राहिल्या.

गाव आधी बिचकलं, मग रीतीप्रमाणे वागलं. नवीन शेजारीण आली की काहीतरी पाठवायचं. नानीने खीर पाठवली. समोरच्या शेवंतामावशींनी थालीपीठं पाठवली. आणखी चार घरांतून काय काय आलं.

मिसबाई खूश! प्रत्येक भांडं राखेने घासून लख्ख केलं आणि त्याच दिवशी स्वतः परत नेऊन दिलं.

"मी आपली अत्यंत ऋणी आहे," असं म्हणून.

रिकामं.

झालं! आमच्याकडे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. रिकामं दिलं म्हणजे येणं-जाणं नको, असा सरळ अर्थ.

गावाने तो अर्थ घेतला. भांडी येणं बंद, आणि दवाखान्यात चिटपाखरूही फिरकेना. बाई टेबलावर बाटल्या मांडून बसायच्या, संध्याकाळी पुसून परत कपाटात ठेवायच्या.

मग पुण्याहून त्यांचे मोठे साहेब आले. दिवाळीपर्यंत पेशंट आले नाहीत तर दवाखाना बंद, आणि तुम्ही पुण्याला शाळेत शिकवायला या, म्हणाले.

बाई नानीसमोर येऊन रडल्या. "माझे काय चुकले?"

तेव्हा नानी ते वळणाचं वाक्य बोलली. मग लगेच वाईट वाटून समजावलं पण.

"भांड्यात कायतरी घालून द्यायचं असतंय. कायच नसलं तर चिमूटभर साखर. पन रिकामं न्हाई द्यायचं."

बाई पदर नसताना डोळे पुसायला काहीतरी शोधत म्हणाल्या, "पण आता माझ्याकडे कोणाचेच भांडे नाही!"

"मग तुमीच पाठवा. आन शिजवलेलं नको, तुमच्या हातचं शेवंतामावशीच्या घरात चालायचं न्हाई. कच्चं द्या."

बाईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणावर घोडागाडीचं चित्र. परसात त्यांनी टोमॅटो लावले होते. डबा भरला आणि शेवंतामावशींकडे नेऊन दिला.

आणि मग डबा परतच येईना.

बाई दारात उभ्या राहून समोर बघायच्या. नानी सांगायची, "बिचारीला जेवन जायना." दिवाळी तोंडावर आलेली. बाईंनी ट्रंकसुद्धा बाहेर काढून ठेवली.

आणि एका सकाळी शेवंतामावशी रस्ता ओलांडून आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने सुनेला धरलेलं. सून लंगडत होती.

"गाय व्यायची वाट बघत हुते. डबा रिकामा कसा आनायचा? ह्यो घ्या खरवस. आन हिच्या पायाला गळू झालंय, तेवढं बघा."

बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, सुनेला आत नेऊन बसवलं. मग विचारलं, "टोमॅटो आवडले का?"

"खरं सांगू का? आमाला त्या लाल फळांचं भ्या वाटलं. गाईला घातली. तिनं लय आवडीनं खाल्ली. म्हनजे ह्यो खरवस तुमचाच म्हना की!"

नानी हे सांगताना दरवेळी इतकी हसायची की पुढचं सांगायला पाणी प्यावं लागायचं.

दवाखाना असा चालला म्हणता! पण गाव पडलं रीतीचं. औषधाला बाटली घरून आणायची असायची. आता मिसबाईंकडे रिकामी बाटली कशी न्यायची? कोणी दूध भरून आणायचं, कोणी तेल, एकाने तर तांदूळ भरले. मिक्श्चर देण्याआधी बाटली रिकामी करून धुण्यातच बाईंची अर्धी सकाळ जायची. 😄

ट्रंक परत पलंगाखाली गेली, ती देश स्वतंत्र झाल्यावरच निघाली. बाई थकल्या होत्या, बहिणीकडे मायदेशी चालल्या होत्या. नेमका तेव्हा तो डबा आमच्याकडे होता. नानीने त्यात आंबेमोहोर भरला आणि स्टेशनवर बाईंच्या हातात दिला. दोघी खूप रडल्या, आणि गाडी हलल्यावर नानी एकटी रडली.

कित्येक महिन्यांनी पोस्टाने पार्सल आलं. कापडात शिवलेलं. आत तोच डबा, घोडागाडीवाला.

आणि डब्यात साखर. कागदाच्या पुडीत, जेमतेम मूठभर.

नाना हसले. "किराणावाल्याच्या घरी सातासमुद्रापलीकडून साखर!"

नानी हसली नाही. तिने घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर चिमूट चिमूट ठेवली, आणि शेवंतामावशींच्या घरी पण जाऊन ठेवली.

तिकडे युद्धानंतर कितीतरी वर्षं साखर रेशनवर होती, हे मला खूप नंतर कळलं. म्हणजे बाईंनी स्वतःच्या चहातली वाचवली असणार. हे लिहितानाही मला भरून येतंय.

डबा आता माझ्याकडे आहे, तुंगार्लीच्या फ्लॅटमध्ये. झाकणावरचा घोडा पुसला गेलाय, गाडी थोडी दिसते.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर एक नवीन मुलगी राहायला आली. केरळची, मराठी अजिबात येत नाही. मी डब्यातून रव्याचे लाडू दिले.

आज सकाळी बेल वाजली. डबा परत आला, केळ्याच्या वेफर्सनी भरून.

तिला हे कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, "माय ग्रँडमदर."

नानी, तुझी खूप आठवण आली गं. तुला आणि तुझ्या मिसबाईंना भरल्या डब्याने श्रद्धांजली. 🙏