ओंजळीतलं मृत्युपत्र

लग्न न झालेल्या माणसाला आमच्या घरात ‘मोकळा’ म्हणतात. पाहुणे स्टेशनवरून आणायला मोकळा, दवाखान्यात रात्रपाळीला बसायला मोकळा. आत्या अशीच मोकळी होती आणि तिच्यानंतर मी. जबलपूरच्या आमच्या गोतावळ्यात बिनलग्नाची आम्ही दोघंच, म्हणून तिचा माझ्यावर नको इतका विश्वास.

आत्या फॅक्टरीत होती. तिच्याच सेक्शनमधल्या एक मावशी, त्याही एकट्या, जवळजवळ तीस वर्षं तिच्या घरात राहिल्या. घर आत्याच्या नावावर, पण वरच्या दोन खोल्या दोघींच्या पगारातून चढल्या. ‘माझ्यामागे घर हिचं,’ हे आत्या भाजीवाल्यालाही सांगायची.

एका नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर तिनं पंड्यासमोर रीतसर संकल्प केला. ओंजळीत पाणी, अक्षता, फूल घेतलं, गोत्र उच्चारलं, घर मावशींना दिलं म्हणाली आणि पाणी सोडलं. शेजारी काका होते, मीही होतो.

परतताना मी म्हणालो, “आत्या, कागदावरही करून ठेवू.”

“नर्मदामाईसमोर बोलली मी. आता तुझ्या कागदाला काय विचारायचं?”

पण चार दिवसांनी तिचाच फोन आला. “अच्छा, लिहून टाक. तुझं तर रोजचंच काम आहे.”

खरंच आहे. सरकारी कचेरीत मी जन्मभर मसुदेच करत आलो. आत्याचा मसुदा म्हणजे एका पानाचं काम, वर दोन साक्षीदारांच्या सह्या. मी म्हणालो, मार्च संपू दे. मग म्हणालो, ऊन उतरू दे. पावसाळ्यात आत्या गेली.

तेराव्यानंतर काकांनी सगळ्यांना बसवलं. मृत्युपत्र नाही, तेव्हा घर तिच्या भावाचं आणि वारलेल्या भावाच्या मुलाचं. म्हणजे काकांचं आणि माझं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “तू होता ना रे घाटावर?”

“होतो, मावशी.”

“आम्ही कुठं नाही म्हणून राहिलो, बाई?” काका म्हणाले. “सगळेच होतो. पर तहसील में पानी नहीं चलता.”

काकांचं काका जाणोत. माझा अर्धा वाटा मला तिथल्या तिथे सोडता आला असता. वाचणाऱ्याला वाटेल, आता हा उठणार. मी बसून राहिलो. मलाही मूलबाळ नाही, म्हातारपणी मला कोण विचारणार, हा हिशेब मी मनात इतका चोख मांडला की कचेरीत कधी जमला नाही. सही केली. घर विकलं गेलं. विजय नगरात माझा फ्लॅट झाला आणि ओमतीजवळच्या एका गल्लीत मावशींना भाड्याची खोली.

गेल्या महिन्यात मी स्वतःचं मृत्युपत्र करायला गेलो. “किसके नाम, भाईसाहब?” वकिलानं विचारलं. मी मावशींचं नाव सांगितलं आणि स्वतःलाच इतका आवडलो की जिन्यावरून उतरताना शीळ घातली. कच्चा मसुदा घेऊन थेट त्यांच्याकडे गेलो.

मावशींनी चष्मा पुसून मसुदा सावकाश वाचला.

“मी अठ्ठ्याहत्तरची, तू चोपन्नचा. म्हणजे मला घर मिळायला तू आधी मरायला पाहिजे. काहून असं अभद्र लिहून आणतो?”

“तसं नाही, मावशी. मनाला जरा...”

“तुझ्या मनाला ना. समजलं.” त्यांनी चष्मा काढला. “आज देतो का? माझं सामान दोन पेट्यांचं आहे. संध्याकाळपर्यंत येते.”

मी म्हणालो, “तिसरा मजला आहे, मावशी. लिफ्ट नाही. तुमचे गुडघे...”

“हो ना,” त्या म्हणाल्या, “गुडघे आहेतच.” मसुद्याची नीट घडी करून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि विचारलं, “पिठलं टाकलंय. जेवून जातो?”

मी जेवलो. दुसऱ्यांदा मागूनसुद्धा घेतलं.