मुक्कामाचे पैसे कुणी द्यायचे?

आश्रुबाने आयुष्यात कुणाला भाडं दिलेलं नाही. तो मेंढपाळ. आज या शेतात, उद्या त्या शेतात मेंढरं बसवायची, म्हणजे रात्रभर तिथं मुक्कामाला ठेवायची. लेंड्यांचं खत शेताला मिळतं आणि शेतमालक आश्रुबाला पैसे देतो, वर ज्वारीही. बोलणी दोनच असतात: रात्रीला किती आणि रात्री किती. साठी गाठली तरी हा गडी जिथं झोपला तिथल्या मालकाकडून पैसे घेऊनच उठला. अशा माणसाची पोरगी नर्सिंग शिकायला जर्मनीला निघाली आणि घरभाड्याचा हिशेब करायला बापलेक कडा गावात माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसले. माझं नशीब.

मोहिनी हुशार. पुण्यात राहून जर्मन शिकलेली. तिकडे शिकतानाच पगार मिळणार होता, कापून-कुपून हातात महिना नऊशे युरो. तिने वहीत मांडणी केली: खाणं, बस, फोन, थंडीचे कपडे, आईच्या औषधांना पाठवायचे थोडे. उरले तीनशे. त्याच्यावर भाडं गेलं की आईची औषधं बंद. आणि मिळत असलेली एकुलती एक खोली होती एका म्हातारीच्या घरात, चारशे वीसची. शुक्रवारपर्यंत राहण्याचा पत्ता कळवला नाही, तर तिची नर्सिंगची जागा दुसरीला जाणार होती. आज बुधवार.

"चारशे वीस युरो," मी म्हणालो.

"महिन्याला?" आश्रुबाचे डोळे चमकले. "बरे देती की म्हातारी!"

"आबा, ती न्हाई देत. आपून द्यायचे," मोहिनी म्हणाली.

"कावून?"

"ती घर देती म्हणून."

"आन् आपून पोरगी देतो, त्याचं काय?"

मी हसू दाबायला प्रिंटरचं झाकण उघडून उगाच आत बघत बसलो. तेवढ्यात घरमालकिणीचा व्हिडिओ कॉल आला. हेल्गाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. आश्रुबाने पटका नीट केला आणि मोबाइल स्वतःकडे ओढला.

"इचार बाईला," तो पोरीला म्हणाला. "माझ्या मेंढराच्या लेंडीला किंमत हाय, मग माझ्या पोरीला न्हाई का? आमी जिथं ऱ्हातो तिथलं रान पुढच्या साली दुप्पट पिकतं. ही तुमच्या घरात राहिली तर तुमचं भलंच व्हईल. बोला, किती कमी करता?"

मोहिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मला मात्र राहवेना. "सांग की," मी म्हणालो. "तशी बी खोली परवडत न्हाईच."

तिने अडखळत सगळं सांगितलं. लेंडीपाशी हेल्गाबाईंच्या कपाळाला आठी पडली. मग त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिवाळ्यात दारातला बर्फ काढशील? बाजार आणून देशील? माझ्याच्याने आता होत नाही." आणि म्हणाल्या, "मग तीनशे दे."

मोहिनीने पेन खाली ठेवलं आणि रडायलाच लागली. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळपर्यंत आश्रुबाने गावभर सांगून टाकलं, की जर्मनीची बाई पोरीला राहायचे महिना एकशे वीस युरो देते. मी हिशेब करून पाहिला. अगदीच थाप म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी करार आला. तो छापून घ्यायला आश्रुबा एकटाच दुकानात आला. कागद उलटासुलटा करून बघितला, बराच वेळ.

"रामप्रसाद, रात्रीला किती ते झालं. रात्री किती, ते इचारायचंच राहिलं."

"तीन वर्षं, आश्रुबा. हजाराच्या वर रात्री."

त्याचा कुठलाच मुक्काम कधी चार रात्रींच्या वर गेला नव्हता. त्याने कागदाची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि तिथेच पायरीवर बसला.

"हजार रात्री," तो म्हणाला. "मग लई स्वस्तात दिली रे मी पोरगी."